देवगावचं विरजण

देवगाव रंगारीच्या स्टँडजवळ एक दुकान आहे. बोर्डावर झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पीकविमा, लग्नपत्रिका असा सगळा संसार रंगवलेला. आत एकच कॉम्प्युटर. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ ही सूचना कित्येक वर्षं फिकट अक्षरांत उभी आहे. ‘येथे थुंकू नये’सारखीच. वाचतात सगळे.

परवा पुतण्याची लग्नपत्रिका छापायला गेलो. मजकूर तालुक्याला, कन्नडला टाइप केलेला, पेनड्राइव्हमध्ये. फाइल उघडली तर गणपतीच्या जागी कंस, टक्के, उद्गारचिन्हं आणि नवरदेवाच्या नावात डॉलर.

“त्यांचा फॉन्ट वेगळा हाये काका, आपल्याकडं नाही.”

“राहू दे डॉलर,” मी म्हणालो, “पोरगा परदेशात आहे असं पाहुण्यांना वाटेल. पण तू ते मुक्त सॉफ्टवेअर का नाही टाकत? फॉन्टसुद्धा मिळतात, युनिकोडमधले.”

तो शांतपणे म्हणाला, “इथं सगळंच फुकट चालू राह्यलं ना काका. मग मुक्त कशाला पाहिजे?”

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द दोन्हीकडे राबतो, म्हणून फ्री म्हणजे मोफत नव्हे, फ्री म्हणजे स्वतंत्र, हे समजावण्यात त्यांचं आयुष्य चाललंय. मराठीनं फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं असं आधीच निवडून ठेवलंय. एवढी सोय असून आम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरले.

खरं तर देवगावातल्या कुठल्याही बाईला मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल परवाना समजावून सांगावा लागणार नाही. तो विरजणाचा नियम आहे. शेजारणीकडून विरजण आणा, दही लावा, ताक करा, वाटलं तर विकासुद्धा. पण ते दही ज्याला द्याल, त्यानं विरजण मागितलं तर नाही म्हणायचं नाही. कंपन्यांचं अडतं ते इथंच. विरजण गावातलं, श्रीखंड त्यांचं आणि डब्याला कुलूप. अमेरिकेत २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीनं विझिओ या टीव्ही कंपनीवर दावा लावला. मागणी एकच: टीव्हीत आमचं विरजण आहे, सोर्स कोड दाखवा.

आपल्याकडचा कायदाही मजेदार आहे. पेटंट कायद्याचं कलम ३(के) म्हणतं, निव्वळ संगणक आज्ञावलीला पेटंट नाही. २००४ च्या वटहुकमानं ही खिडकी किलकिली केली, २००५ मध्ये संसदेनं लावून घेतली. मग ‘निव्वळ’ म्हणजे नेमकं किती निव्वळ, यावर पेटंट कार्यालयानं २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्याच वर्षी थांबवली, २०१६ मध्ये नवी आणली आणि २०१७ मध्ये तीही बदलली. बांधाच्या मोजणीलाही इतके हेलपाटे पडत नाहीत. इकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ब चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद सांगतं, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. हे कलम कोपऱ्यातल्या त्या फिकट अक्षरांइतकंच ठळक आहे.

आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ? ती तर थेट आपल्या गणेश मंडळासारखी. पटलं नाही की फुटायचं, मूर्ती तीच, मांडव वेगळा. ओरॅकलनं सन कंपनी घेतल्यावर २०१० मध्ये ओपनऑफिसवाले बाहेर पडले आणि लिबरऑफिस उभं राहिलं. फरक एवढाच की फुटताना कोणी ढोल-ताशे लपवले नाहीत. परवान्यानं ते दोघांचेच होते. नुसतं ‘लिनक्स’ म्हणायचं की ‘ग्नू/लिनक्स’, हा वाद अजून मिटलेला नाही. नावावरून किती वर्षं भांडता येतं, हे आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला मी काय सांगणार? खुद्द स्टॉलमननी वादग्रस्त विधानांवरून २०१९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपद सोडलं आणि २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतले. निम्मे कार्यकर्ते खूश, निम्मे मांडवाबाहेर. स्वातंत्र्याचं संविधान पाठ असलेल्या मंडळींना एकमेकांशी कसं वागायचं याची नियमावली मात्र उशिरा सुचली.

असं सगळं व्याख्यान मी दुकानात दिलं. मागे पीकविम्याची रांग वाढत होती. मला गप्प करण्यासाठी असेल, पण पोरानं तिथल्या तिथं लिबरऑफिस उतरवलं, खुल्या परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट टाकला आणि पत्रिका नव्यानं टाइप केली. गणपती जागेवर आले. नवरदेव भारतात परतला.

“टायपिंगचे दीडशे, सॉफ्टवेअर टाकायचे शंभर.”

“अरे, पण ते तर फुकट असतं!” माझ्या तोंडून निघून गेलं.

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्यानं अडीचशे रुपये काढले. मेहनतीचे पैसे घ्यायला मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने कधीच नाही म्हणत नाहीत. त्या कॉम्प्युटरवरचा तो बहुधा पहिलाच कायदेशीर व्यवहार होता, आणि त्यात घासाघीस करणारा फुकट्या मी होतो.