पाढे मोठ्यानं ऐकू आले की समजावं

"गुरुजी आलते म्हणं तुझ्याकडं. पेढे आणलते का नुसताच फॉर्म?"

आक्कांचा आवाज मेंदीच्या कुंपणावरून आला की हातातलं काम खाली ठेवायचं, हा आमच्या आळीचा रिवाज. आक्का गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवतात. कागदावर 'स्वयंपाकी तथा मदतनीस', मानधन महिना २,५०० रुपये, तेही येईल तेव्हा. शाळा तपासायला केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, अधूनमधून एखादं पथकही येतं. पण वर्गाच्या भिंतीपलीकडं रोज बसणारं माणूस हे एकच, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मी विचारायचं ठरवलं.

"फॉर्मच. पोरीला जूनमध्ये सहा पूर्ण होतायत. म्हणाले, इथंच घाला, निर्धास्त राहा."

"म्हणणारच की. पट ५८ वर अडकलाय. तुझी धरली की ५९. मग दोन कुठनं तरी हुडकायची."

हा ६१ चा आकडा मला ठाऊक होता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात कोष्टकच आहे: ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. राज्याच्या संचमान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवायचे, नियम त्यात आपल्या गाठी मारतात, ते वेगळंच. म्हणून एप्रिलमध्ये गुरुजी लोक दारोदार दिसतात.

"तवर चार वर्ग आन दोन माणसं," आक्का म्हणाल्या. "पहिली-दुसरी बाईंकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं. त्यातलं एक कुणीतरी गेलं की चारी वर्ग एका खोलीत. कधी ट्रेनिंग, कधी मतदारयादी, कधी तालुक्याला कसली माहिती द्यायची. मला बघायला जावं लागत न्हाई. पाढे मोठ्यानं ऐकू आले की समजायचं, आज एकच माणूस हाय."

"म्हणजे?"

"अगं, ६० पोरांना एकानं धरून ठेवायचं म्हंजे दुसरं काय करणार? एक पोरगं पुढं उभं करायचं, बे एकं बे. आरडाओरडा जोरात, बाहेरच्याला वाटतं काय अभ्यास चाललाय! मागल्या साली पाहुणे आलते कुणी, ते रस्त्यावरनंच खूश होऊन गेले. खरं शिकवणं चालू असतंय तवा आवाजच येत न्हाई. बारीक कुजबुज येती, मधनं एखादं हसणं."

आता बंगल्यातल्या वहिनींचा विषय निघणार हे ओघानं आलंच. त्यांचा नातू पिवळ्या बसनं दहा मैलांवर जातो. टाय, बूट, आठवड्यातनं एकदा पांढरा ड्रेस.

"मी कुणाला नावं ठेवत न्हाई," आक्कांनी सुरुवात केली, म्हणजे ठेवायला. "पर माझी भाची तिथंच शिकवती. बारावी झाली, डी. एड. न्हाई, कसली परीक्षा न्हाई. लग्न ठरलं की सोडणार हाय. आपल्या बाईंनी ती टीईटी का काय ती दिली, मग पुण्यातनं का मुंबईतनं नंबर लागून आल्या. आन वहिनी मला इचारत्यात, तुमच्या शाळेत टीचर शिकलेल्या असत्यात का हो?"

भाचीबद्दल असं बोलणं आक्कांनाच परवडतं. तरी वहिनींची बाजूही एकदम टाकाऊ नाही. पिवळ्या बसच्या शाळेत प्रत्येक वर्गाला निदान एक माणूस उभं असतं, आणि आईबापाला ते दिसतं. आमच्या शाळेत चांगलं शिकलेलं माणूस आहे, पण ते अर्धं पहिलीचं आणि अर्धं दुसरीचं. कुठल्या बाजूचं उणं चालवून घ्यायचं, एवढाच हिशेब आमच्यासारख्यांच्या हातात उरतो.

मी मोबाइल काढला. शाळेच्या फलकावर अकरा आकडी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून शाळेची सरकारी माहिती सापडते. मी वाचून दाखवायला लागले. वर्गखोल्या इतक्या, ग्रंथालय आहे, वीज आहे, हात धुण्याची सोय आहे, मुलींचं स्वच्छतागृह आहे आणि चालू आहे.

"चालू हाय. कुलूप लावून," आक्का म्हणाल्या.

"का?"

"पावणे आले तर घाण दिसू ने म्हणून. किल्ली हापिसात. चौथीच्या पोरी हापिसात जाऊन मागायच्या व्हय किल्ली? पाणीच पीत न्हाईत दुपारपर्यंत. मी ताटाबरोबर पेला देते तर म्हणत्यात, नको मावशी. तू तुझ्या मोबाइलात बघ, पोरी पाणी पित्यात का ते कुठं लिहिलंय."

नव्हतं लिहिलेलं.

भिंतींचं मात्र त्यांना भारी कौतुक. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियान आलं तेव्हा लोकवर्गणीतून रंग झाला. बोलक्या भिंती, पायऱ्यांवर पाढे, खांबांवर बाराखडी, दारावर आगगाडी. आक्कांनी स्वतः शंभर रुपये दिले होते. "झाक दिसती शाळा. पर फोटो काढून झाले तवापास्नं त्या आगगाडीकडं कुणी बोट न्हाई दावलं." गणवेशाचं विचाराल तर २०२४ साली राज्यभर एकच गणवेश द्यायचं निघालं, कापड एकीकडून, शिलाई दुसरीकडून, आणि कुणाला बाह्या लांब तर कुणाला चड्डी आखूड. शेवटी ते काम परत शाळेच्या समितीकडं आलं. गणवेशावरून शाळा जोखायची तर त्या वर्षी राज्यातली एकही पास झाली नसती.

"मग जोखायची कशावरनं, आक्का?"

"ताटावरनं."

मला वाटलं खिचडीच्या चवीबद्दल बोलतायत. चवीची वेगळी वही असते. मुलांना वाढायच्या आधी मुख्याध्यापकांनी चाखून तिच्यात नोंद करायची असते. पण आक्कांचा हिशेब दुसराच होता.

"पट ५८. हजेरी म्हणशील तर ५४, ५५, कधी ५६. आन ताटं मी किती घासते? डबा आणणारी चार सोड. ज्या महिन्यात हजेरी आन ताटं जवळजवळ असत्यात त्या महिन्यात शाळा बरी चाललीया. ज्या महिन्यात हजेरी ५५ आन ताटं ४०, त्या महिन्यात काहीतरी बिनसलंय. पोरं जेवून पळत्यात असं लोक म्हणत्यात ना? जेवायला तरी येतंच पोरगं. ते सुदिक यीना झालं म्हंजे वर्गात त्याला कायतरी बोचतंय."

"आणि अंड्याच्या दिवशी?"

"अंड्याच्या दिवशी अख्खा पट हजर!" आक्का हसल्या. पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं, न खाणाऱ्याला केळं. २०२५ च्या जानेवारीत सरकारनं त्याचे पैसे थांबवले आणि हवं तर लोकसहभागातून द्या म्हणून कळवलं. "तवापास्नं तो एक दिवस गेला. रंगाला वर्गणी निघती, अंड्याला न्हाई निघत."

तांदूळ पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम. त्यात ज्याला पुरत नाही आणि जो दुसऱ्यांदा ताट पुढं करतो, तो सोमवारी कोण असतो हे आक्कांना तोंडपाठ आहे. ती नावं त्यांनी मला सांगितली, मी इथं लिहीत नाही.

मी म्हटलं, "जेवणाचं झालं. पण वाचतात का पोरं?" आणि त्यांना 'असर' पाहणीचं सांगितलं. प्रथम संस्थेची माणसं २००५ पासून गावोगाव, शाळेत नाही तर घरी जाऊन मुलांपुढं एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचू शकणारी २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के.

"शंभरातली तेवीस? मग राहिलेली सत्त्याहत्तर काय माझ्याच खिचडीला येत्यात व्हय?" आक्का क्षणभर गप्प झाल्या, आणि आक्का गप्प होणं ही आमच्या आळीत बातमीच. मग म्हणाल्या, "आपल्यात एवढं वाईट न्हाई. पर हायती. तिसरीत चार-पाच हायती. ती भांडी ठिवायला मला मदत करायला लगीच उठत्यात. वर्गातनं सुटायला."

मला कुणीतरी सांगितलेली युक्ती मी त्यांना सांगितली. तिसरीतल्या कुठल्याही पोराला ५२ वजा २७ विचारायचं. २५ आलं तर ठीक. ३५ आलं तर समजायचं की त्यानं वर-खाली न बघता मोठ्या आकड्यातून लहान काढलाय. सातातून दोन पाच, पाचातून दोन तीन. हातचा म्हणजे काय हे त्याला कधी पोचलंच नाही. ३५ सांगणारं पोरगं मठ्ठ नव्हे, त्याची रीत पक्की आहे, फक्त चुकीची आहे. मग त्याची वही मागायची. ३५ वर लाल फुली असेल आणि खाली तेच गणित पुन्हा करून घेतलेलं असेल, तर शाळा चांगली. ३५ वर बरोबरची खूण आणि गुरुजींची सही असेल तर रंग कितीही झाक असो.

"आन धडा वाचायला दिलास तर पहिला दिऊ नको," आक्कांनी भर घातली. "पहिला धडा समद्यांना पाठ असतो. साहेब आले की तोच उघडत्यात."

नावाजलेल्या शाळा आमच्या भागाला नवीन नाहीत. सातारा तालुक्यातलं कुमठे बीट तर ज्ञानरचनावादी शाळांसाठी राज्यभर गाजलं, बाहेरगावचे शिक्षक ते बघायला गाड्या करून येत. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटली. हे मी आक्कांना उत्साहानं सांगत होते.

"तसल्या गुरुजींची बदली झाली की शाळेचं काय हुतं, त्ये इचार," त्या म्हणाल्या. "आपल्या बाईंना इथं बरीच वर्सं झाली. बदल्यांचं ऑनलाइन निघालं की माझ्या पोटात गोळा येतो. तुझी पोरगी पहिलीत जायची आन बाई पोर्टलवरनं उडायच्या."

बाईंवर त्यांचा जीव का, हे मला आत्ता कळलं. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या ओढ्याकाठी पडतात, आणि त्यांची पोरं मराठवाड्यातनं मध्येच वर्ष सोडून आलेली असतात. ती परीक्षेच्या आधी किंवा नंतर, कारखाना बंद पडेल तेव्हा जाणार. म्हणजे निकालात त्यांचा उजेड नाही आणि पुढच्या सालच्या पटातही नाहीत. बाई स्कूटीवरून येताना कोप्यांवरून वळसा घेतात आणि दोघातिघांना मागं बसवून आणतात.

"एक पोरगी होती, दुसरीच्या वयाची, अक्षरसुदिक येत न्हवतं. बाईंनी तिला मधल्या सुट्टीत माझ्या चुलीपाशी बसवायची. पोत्यावरची अक्षरं, तेलाच्या डब्यावरची अक्षरं. मार्चात गाडीत बसून गेली तवा डब्यावरचं नाव वाचून दावलं मला. कुठल्या रजिस्टरात चढलं गं ते?"

"गुरुजी तसं करत नाहीत?"

"गुरुजी वाईट न्हाईत. त्यांना मोबाइल खातोय. आज ह्ये भरा, उद्या फोटो टाका. त्यांची सवताची पोरं साताऱ्याला इंग्लिश मीडियमला हायती, त्यावरनं गाव त्यांना टोमणे मारतं. मी न्हाई मारत. घर तिथं, पोरं तिथं. ते वर्गात कवा असत्यात त्येवढं मी बघते."

आता स्कॉलरशिपही पाचवीवरून परत चौथीला यायची म्हणतायत. म्हणजे चौकात फ्लेक्स लागणार, त्यावर दोन हुशार पोरांचे फोटो. ती दोन पोरं कोणाची असतील हे आक्कांनी आत्ताच सांगून टाकलं: एक पतसंस्थेच्या मॅनेजरचं, एक मेडिकलवाल्याचं, आणि दोघांना घरी शिकवणी आहे.

"उद्या ये," त्या म्हणाल्या. "सकाळची शाळा हाय. पहिलीच्या पोरांच्या मेळाव्याच्या दिवशी येऊ नको, त्या दिवशी फुगे असत्यात. उद्या बुधवार, कसलंच काय न्हाई. माझ्याकडं तिखट मागायला आल्यावानी ये. खिडकीपाशी उभी राहा. त्या चार-पाच पोरांकडं कुणी बघतं का तेवढं बघ आन जा. फॉर्म मग भर."

"भरेन."

"आन समितीवर तुझं नाव मी गुरुजींना सांगून ठिवलंय."

"आक्का! अजून प्रवेश नाही आणि समिती कुठली?"

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक लागतात आणि निम्म्या बायका. आमच्याकडं त्या निम्म्या बायकांच्या सह्या रजिस्टर घरोघर फिरवून घेतात. कुणी भाकरी थापताना करते, कुणाच्या वतीनं नवराच करतो.

"त्या समद्या वाचल्याबिगर सही करत्यात. तू वाचशील म्हणून सांगितलं. पहिल्याच मीटिंगला त्या कुलपाचं काढ," असं म्हणून आक्का वळल्या आणि परत फिरून आवाज खाली करून म्हणाल्या, "माझं नाव मातर घिऊ नको. मला तिथंच शिजवायचं हाय."