अथ वार्षिक मूल्यमापनविधी

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगण्याची जुनी रीत असून तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात. पैकी ‘अधिकारी’ म्हणजे तो ग्रंथ वाचण्यास पात्र असलेला मनुष्य, साहेब नव्हे. प्रस्तुत विधीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ सुदैवाने एकाच व्यक्तीत एकवटतात. ज्याच्या हाताखाली सात माणसे आहेत, ज्याच्या डोक्यावर ‘शुक्रवार संध्याकाळपर्यंत रेटिंग भरून द्या’ असे बजावणारा एक मनुष्य आहे, आणि या दोहोंच्या मध्ये उभे राहून ज्याला आपण न्याय करीत आहोत असे दिसायचे आहे, तो हिंजवडी, खराडी किंवा ऐरोली येथील व्यवस्थापक या विधीचा अधिकारी होय. विषय अर्थातच अप्रेझल, म्हणजे माणसाने वर्षभर केलेल्या कामाचे एक ते पाच यांपैकी एखाद्या आकड्यात केलेले रूपांतर. पगारवाढ हे त्याचे प्रयोजन आहे असा समज खालच्या पायऱ्यांवर आढळतो. परंतु वाढीची एकूण रक्कम विधी सुरू होण्यापूर्वीच वर कोठेतरी मंजूर झालेली असल्यामुळे, ती ज्यांच्या वाट्याला येणार नाही त्यांना कारण पुरवणे एवढेच प्रयोजन शिल्लक उरते. कामाचा आणि आकड्याचा संबंध काय, हे चौथे अंग मात्र दरवर्षी कर्मचारीच विचारतात आणि ते अनुत्तरित ठेवण्याची परंपरा आहे.

विधी नवा नाही. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरणीत रॉबर्ट ओवेन याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कामगाराच्या जागेपाशी लाकडाचा एक लहानसा ठोकळा टांगला होता. त्याच्या चार बाजू काळ्या, निळ्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगवलेल्या असत, आणि आदल्या दिवशीची वागणूक वाईट, बेताची, चांगली की उत्कृष्ट होती त्यानुसार योग्य ती बाजू पुढे करून ठेवली जाई. या पद्धतीत दोन ढोबळ दोष होते: आपला रंग कोणता हे कामगाराला रोजच्या रोज कळे, आणि तो मान्य नसल्यास थेट ओवेनकडे दाद मागता येई. पुढील दोनशे वर्षांत हे दोन्ही दोष बऱ्याच अंशी दूर झाले आहेत. आपल्याकडील सरकारी नोकरीत तर ‘गोपनीय अहवाल’ नावाची अधिक प्रगत पद्धत रुजली होती, जिच्यात ज्याचा अहवाल त्यालाच तो सहसा कळत नसे. सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला, बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ लागत होता, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा 2008 साली न्यायालयाने असा निर्वाळा दिला की शेरा बरा असो वा वाईट, तो संबंधिताला कळवलाच पाहिजे. होतकरू व्यवस्थापकाने या निकालातून न्यायाचा बोध घेण्याऐवजी ‘चांगला’ या शब्दाची धार तेवढी ध्यानात घ्यावी. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगार दांड्या मारू लागले तेव्हा जमशेटजी टाटांनी केवळ दंडावर न विसंबता भविष्यनिर्वाह निधी आणि विम्यासारख्या सोयी काढल्या, असाही दाखला इतिहासात आहे; पण तो मार्ग खर्चाचा असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

विधीचे पहिले अंग म्हणजे उद्दिष्टांचा संकल्प. वर्षाच्या प्रारंभी, म्हणजे एप्रिलमध्ये, प्रत्येकाने आपली उद्दिष्टे प्रणालीत नोंदवावीत असा नियम असतो आणि ती फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात नोंदवावीत असा प्रघात असतो. बाण आधी मारून वर्तुळ त्याच्याभोवती मागाहून काढणारा नेमबाज कधी चुकत नाही, हे लक्षात घेता प्रघातच शहाणपणाचा ठरतो.

दुसरे अंग स्वमूल्यमापन. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे सांगताना स्वतःच स्वतःची स्तुती करणाऱ्याला त्यात बसवले आहे. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये हीच गोष्ट सक्तीची असून तिला किमान दोनशे अक्षरांची अट आहे. परिणामी मराठी घरात वाढलेला कर्मचारी ‘दिलेली कामे वेळेत पूर्ण केली’ एवढेच लिहून थांबतो, आणि शेजारचा सहकारी त्याच कामाचे ‘परिवर्तनाचे नेतृत्व केले’ असे वर्णन करतो. व्यवस्थापकाने दोघांचेही वाचण्याच्या भरीस पडू नये, कारण आकडा त्यावरून ठरत नाही.

आकडा ठरतो तो बेल कर्व्हवरून, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेवरून, जिच्यात मध्यम माणसे फुगवट्यात मावतात आणि फार चांगली व फार वाईट माणसे दोन्ही टोकांना निमुळती होत जातात. या वक्ररेषेचे कूळ पाहण्यासारखे आहे. गाउस या जर्मन गणितज्ञाने 1809 साली ती वापरली ती ग्रहांच्या निरीक्षणांतील चुका कशा विखुरतात हे मांडण्यासाठी. पुढे केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने हजारो स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेरांना ती लावली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत जॅक वेल्च यांनी वरचे 20 टक्के, मधले 70 टक्के आणि घरी पाठवायचे 10 टक्के अशी तिची वाटणी केली. रेषा मुळात चुकांची आहे, ही गोष्ट ज्यांना तीवर बसवायचे त्यांना सांगू नये. हजारो सैनिकांच्या छात्यांना जे लागू पडते ते सात माणसांच्या टीमला लागू पडेल काय, अशी शंका एखादा अभियंता काढील. सातांचे 10 टक्के म्हणजे सात दशांश मनुष्य होतो आणि तसा मनुष्य टीममध्ये उपलब्ध नसल्यामुळे पूर्ण एक द्यावा लागतो, हे तिचे उत्तर. मायक्रोसॉफ्टने 2013 साली अशी वाटणी सोडून दिल्याचे जाहीर केले, आणि इतरही अनेक ठिकाणी आता वक्ररेषा नाही असे सांगितले जाते. परंतु रक्कम ठरलेलीच असल्यामुळे घंटा काढून नेली तरी तिचा आकार जागेवरच राहतो.

तो एक पूर्ण मनुष्य निवडणे हे व्यवस्थापकाच्या कौशल्याचे मर्मस्थान होय. सर्वोत्तम उमेदवार म्हणजे ज्याने नुकतेच ‘पेपर टाकले’ आहेत, म्हणजे राजीनामा दिला आहे, असा सहकारी. जाता जाता तळाची जागा अडवून उरलेल्या सहा जणांवर त्याने जे उपकार केलेले असतात त्यांची नोंद कोठेही होत नाही. असा कोणी नसल्यास टीममध्ये सर्वांत शेवटी आलेला, आणि तोही नसल्यास 26 आठवड्यांच्या प्रसूतिरजेवरून परतलेली सहकारी यांच्याकडे अनुभवी दृष्टी आपोआप वळते. रजेचा फटका रेटिंगला बसू नये असे धोरणात लिहिलेले असल्यामुळे रजा हे कारण कधीही नोंदवू नये. कारण निराळे लिहावे, तळाची जागा तीच ठेवावी. यानंतर समान पदावरील सर्व व्यवस्थापक एका खोलीत बसून आपापल्या माणसांची अदलाबदल करतात, त्या बैठकीला कॅलिब्रेशन म्हणतात. जनावरांच्या बाजारात दलालांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवण्याची जी पद्धत होती, तिच्याशी या बैठकीचे साम्य असले तरी बाजारात निदान बैल समोर उभा असे.

आता कारणाचा विचार. वापरण्यास सर्वांत निर्धोक कारण म्हणजे ‘व्हिजिबिलिटी’. काम होणे आणि काम दिसणे या दोन निराळ्या गोष्टी असून दुसरीला हे नाव आहे. तिची कमतरता कोणावरही ठेवता येते आणि कोणालाही खोडून काढता येत नाही. एक नमुना घ्यावा. ग्राहक कंपनीची मासिक बिले दर महिन्याच्या 1 तारखेला मध्यरात्री संगणकावर आपोआप तयार होतात, आणि टीममधील एक तंत्रज्ञ दर महिन्याच्या 28 तारखेला दुपारच्या चहाआधी सर्व्हरवरील डिस्क किती भरली आहे ते पाहून, जुन्या लॉग फाइली, म्हणजे यंत्राने स्वतःच्या हालचालींची ठेवलेली रोजनिशी, पुसून टाकते. तिला हे काम कोणी सांगितलेले नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा डिस्क भरून बिले अडकली होती, तेव्हापासून तिने ते स्वतःहून अंगावर घेतले आहे. त्याला दहा मिनिटे लागतात. त्या दहा मिनिटांमुळे तीन वर्षे काहीच घडले नाही, आणि जे घडलेच नाही ते फॉर्मच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. उलट ज्या टीमची यंत्रणा मध्यरात्री कोसळते आणि पहाटे चार वाजता पुन्हा उभी राहते, तिचे छायाचित्र ईमेलने सर्वांना पाठवले जाते. या न्यायाने सदर तंत्रज्ञास पाचापैकी तीन देणे शास्त्रशुद्ध ठरते.

हे तीन तिला कळवणे हा विधीचा दर्शनी भाग. त्यासाठी तोरणा, राजगड अशी नावे दिलेल्या काचेच्या खोल्यांपैकी एक अर्ध्या तासासाठी राखून ठेवावी. पाठीमागे पुढच्या बैठकीची माणसे काचेतून घड्याळाकडे बोट दाखवीत उभी असली तर फारच उत्तम. लॅपटॉप असा तिरका ठेवावा की पडदा आपल्याला दिसेल आणि तिला त्याची केवळ पाठ दिसेल. आरंभ ‘तुझं काम उत्तमच आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही’ या वाक्याने करावा, ज्याने कसलेला कर्मचारी लगेच सावध होतो. मग पाण्याच्या बाटलीचे झाकण एकदा उघडून पुन्हा लावावे, आणि ‘फक्त व्हिजिबिलिटी थोडी कमी पडते’ असे म्हणावे. यावर ‘म्हणजे सर, मी नक्की काय करायला हवं होतं?’ असा प्रश्न येतो. याचे उत्तर देऊ नये, कारण उत्तर दिल्यास पुढच्या वर्षी ते तिने केलेले असेल. ‘चांगला प्रश्न आहे, आपण दोघं मिळून त्यावर काम करू’ असे म्हणून वहीत काहीतरी लिहावे. तिच्या ‘ठीक आहे’चा उच्चार कसाही झाला तरी त्याची नोंद संमती अशी करावी, प्रणालीत तिच्यासाठी ठेवलेले बटण ‘पाहिले’ एवढेच म्हणते, ‘मान्य’ म्हणत नाही, ही रचना करणाऱ्याची दूरदृष्टी होय.

पत्राविषयी फार लिहिण्यासारखे नाही. सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यापायी कंपनीला येणारा वर्षाचा एकूण खर्च, हा आकडा ठळक छापावा आणि त्यात मूळ वेतनाच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी मिळवावी, जी सर्वसाधारणपणे सलग 5 वर्षे टिकलेल्यालाच मिळते; टिकण्याची इच्छा ज्या पत्राने मावळते त्याच पत्रात टिकल्याचे बक्षीस मोजून दाखवण्याचा हा मेळ मोठा मनोहर आहे.

फलश्रुती अशी. पत्रानंतर पाचव्या आठवड्यात तंत्रज्ञ पेपर टाकते, आणि ‘यंदा बजेट नाही’ असे ज्या वरच्या कार्यालयाने कळवले होते तेथूनच तिला थांबवण्यासाठी दीडपट रक्कम त्याच दुपारी मंजूर होते. ती नम्रपणे नाकारली जाते. 90 दिवसांच्या नोटिशीत ज्ञानहस्तांतरण नावाचा उपविधी पार पडतो, ज्यात तिच्या कामांची सत्तेचाळीस ओळींची यादी होते आणि 28 तारखेचे काम, ते कोणी सांगितलेलेच नसल्यामुळे, यादीत येत नाही. तिच्या जागी बाजारभावाने आणलेला मनुष्य तिच्याहून बराच महाग पडतो. ती गेल्यानंतर डिस्क आपल्या गतीने भरत राहते आणि तिसऱ्या महिन्याच्या 1 तारखेला, मध्यरात्री दोन वाजून काही मिनिटांनी, बिले अडकतात. व्यवस्थापक रात्रभर जागतो, पिझ्झा मागवतो, अमेरिकेतील ग्राहकाशी पहाटेपर्यंत फोनवर बोलतो. सकाळी सातला यंत्रणा उभी राहते आणि दहाला छायाचित्रासह ईमेल येते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःची उद्दिष्टे भरायला बसतो तेव्हा पहिल्या ओळीत लिहितो: डिस्कवरील जागेच्या मासिक देखरेखीची अभिनव संकल्पना मांडून तिचे नेतृत्व करणे, मुदत दर महिन्याची 28 तारीख.