शांततेच्या ठेकेदारास

श्रीमान सायलेन्सरसाहेब,
मुक्काम एसीचा डक्ट, प्रेक्षागृहाच्या फॉल्स सीलिंगच्या वर.



मी आपल्या बरोबर खाली, साउंड केबिनमध्ये बसतो. नाटकांचं पार्श्वसंगीत सोडणं हा माझा धंदा. गेल्या शनिवारच्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, बाप मुलीचं पत्र वाचतो, घडी घालतो आणि काहीच बोलत नाही. संहितेत तिथे एकच शब्द आहे, 'स्तब्धता'. माझ्या कागदावरही ती जागा कोरी. आपण ती भरून काढलीत. बाप गप्प, मुलगी गप्प, प्रेक्षक गप्प, आणि वरून आपलं अखंड स्स्स. एफ रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं म्हणे, 'कुकर कुणी लावलाय गं?'

आपल्या नेमणुकीचा इतिहास मला ठाऊक आहे. गच्चीवरच्या पंख्याची घरघर डक्टमधून थेट पहिल्या रांगेत उतरायची, म्हणून आपल्याला आणलं. खोटं कशाला बोलू, घरघर आपण गिळलीत. भोकांच्या पत्र्यामागे रॉकवूल ठासलेले आपले ते उभे पडदे, त्यांच्या फटींतून जाताना पंख्याचा आवाज मुरतो. फक्त हवेलाही त्याच फटींतून जावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

डक्ट ६० सेंटिमीटर रुंद. त्यात १० सेंटिमीटर जाडीचे आपले तीन पडदे. म्हणजे निम्मी वाट बंद. सेकंदाला सहा मीटरनं चालत येणारी हवा आपल्या पोटात बारा मीटरनं धावते आणि पडद्यांच्या मागच्या कडांवर भोवरे सोडत बाहेर पडते. वेग दुप्पट झाला तर आवाजही दुप्पट होत असेल, इतकंच ना? नाही साहेब. कर्ल नावाच्या संशोधकाने १९५५ मध्ये मांडलेलं गणित सांगतं की अशा वाहत्या हवेत घन वस्तू आली की निघणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. दोनाचा सहावा घात चौसष्ट. डेसिबलमध्ये अठरा. प्रत्यक्षात पंधराच धरा, हवं तर. आजींना फरक पडत नाही.

शिवाय हा आवाज जन्मतो आपल्या शेपटीला. पुढे तो गिळायला कुणी नाही. राखणदारानेच शीळ घालायची आणि राखण मात्र पंख्यापासून करायची, असा हा मामला.

कॅटलॉगमध्ये मात्र आपण संत आहात! किती डेसिबल गिळता याचा आलेख रंगीत. वाहत्या हवेत आपण स्वतः किती आवाज करता, तेही मोजायची रीत आयएसओ ७२३५ या मानकात दिली आहे. नेमकं तेच पान आपल्या कॅटलॉगात नाही. छपाईचा खर्च वाचवला असेल.

तक्रार केल्यावर काय झालं, तेही आपल्याला आठवत असेल. एसीच्या ठेकेदाराने आपली लांबी वाढवली. फट तेवढीच, वेग जवळपास तेवढाच, त्यामुळे स्स्स जागच्या जागी. वर हवेला अडथळा वाढला आणि बाल्कनीतले लोक घामाघूम. मग पंख्याची पुली बदलून त्याला जोरात फिरवलं. हवा पुन्हा आली, वेग चढला आणि आपला गळा आणखी मोकळा झाला. बिल दोन्ही वेळा निघालं.

उपाय इतका साधा आहे की सांगताना मलाच संकोच वाटतो. डक्ट तेवढ्या भागात हळूहळू रुंद करून १२० सेंटिमीटरचा करायचा आणि त्यात असेच सहा पडदे बसवायचे. फटींतला वेग परत सहा मीटर. पण तिथे तुळई आहे, सीलिंगची उंची ठरलेली आहे, आणि आपण दोन फुटांत मावता हाच आपला सर्वांत मोठा गुण मानला गेला. तुळईला दोष द्यावा तर ती बिचारी खरोखरच गप्प असते.

रविवारी पुन्हा प्रयोग आहे. दिग्दर्शकाने त्या स्तब्धतेवर पावसाचा आवाज सोडायला सांगितलाय, म्हणजे आपण झाकले जाल. सोडतो. प्रवेश वैशाखातल्या दुपारचा आहे.

आपला,
केबिनमधला संगीतवाला