आपला विश्वासू, वगैरे

दोन डिस्कपैकी एक मेली आणि घरात कुणाला पत्ताही लागला नाही, तर ते रेडचं यश म्हणावं की अपयश? पुस्तकी उत्तर सोपं आहे: यश. दोन्ही डिस्कांवर एकच मजकूर लिहायचा आणि एक गेली तर दुसरीवर काम चालू ठेवायचं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. लग्नाचे फोटो उघडतात, गाणी वाजतात, मुलाच्या मार्कलिस्टची प्रत छापून निघते. तक्रारीला जागाच नाही. आणि तक्रार आहे ती नेमकी हीच.

आमच्या टीव्हीमागे लिनक्सवर चालणारा एक जुना संगणक आहे. त्यात अशी दोन डिस्कांची जोडी आहे. त्यासाठी वेगळं कार्ड नाही, जोडी सांभाळतं ते सॉफ्टवेअरच. तिची तब्येत पाहायची तर एमडीस्टॅट नावाची फाइल उघडायची. चौकटी कंसात दोन यू शेजारी शेजारी बसलेले दिसले, की दोघी धडधाकट. एकीनं मान टाकली की तिच्या यूच्या जागी आडवी रेघ येते आणि नावापुढे कंसात एफ लागतो. संपलं सुतक.

पूर्वी भरल्या घरात अशी एक तरी काकू असायची. अंगात ताप असताना वीस माणसांचा स्वयंपाक रांधायची आणि विचारलं तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" ती अंथरुणाला खिळली, की मगच घराला तिचं दुखणं समजायचं. रेड याच वळणाचं आहे.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ लहान डिस्क वापरा, असं सुचवलं. तसं सुचवताना हिशेबही प्रामाणिकपणे मांडला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० डिस्कांच्या ताफ्यात सरासरी ३०० तासांत कुणीतरी जाणारच. म्हणजे दोन आठवडेही नाहीत. तेव्हा जास्तीची डिस्क ठेवायची ती मरण टळावं म्हणून नव्हे, तर ते गृहीत धरून. मात्र त्या मरणाची बातमी वेळेवर हवी. एक गेल्यापासून नवी बसेपर्यंत सगळा भार उरलेलीवर, आणि ही उरलेली बहुधा त्याच दिवशी त्याच दुकानातून आणलेली, तितकेच तास फिरलेली. नवी आणून बसवली तरी चार टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइटच्या वेगानं भरायला सात तासांहून जास्त लागतात. तेवढा वेळ त्या म्हातारीनं आपला कानाकोपरा वाचून दाखवायचा.

मरण्याआधी डिस्क काही सांगत नाही का? कधी कधी सांगते. तिच्या पोटात स्मार्ट नावाची नोंदवही असते. किती जागा खराब झाल्या, किती बदलून घेतल्या, असं त्यात टिपलेलं असतं. पण गूगलच्या संशोधकांनी २००७ साली लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कांच्या वहीत महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही उमटलं नव्हतं.

म्हणून सारी भिस्त एमडीअ‍ॅडमवर. देखरेखीला बसवला की हा प्रोग्राम एरवी दर मिनिटाला जोडीवर नजर टाकतो. कुणाला कळवायचं हेच सांगितलं नाही, तर 'लक्ष ठेवत नाही' असं तोंडावर सांगून उठून जातो. या स्पष्टवक्तेपणाबद्दल मला त्याचा आदर आहे. पत्ता म्हणून नुसतं 'रूट' लिहिलं, तर मात्र तो त्याच संगणकातल्या रूटच्या टपालपेटीत पत्र टाकून मोकळा होतो. ती पेटी उघडतो कोण? यंत्र स्वतःलाच कळवतं की आपली एक डिस्क गेली, आणि ते पत्र उरलेल्या डिस्कवर जपून ठेवतं.

पत्र मात्र वाचण्यासारखं असतं. हे पत्र आपोआप तयार झालं आहे, अशी आधी कबुली. मग कुठल्या जोडीत बिघाड 'आढळला' ते. मग 'आपला विश्वासू, वगैरे' असा समारोप. त्याखाली ताजा कलम, आणि त्यात अख्खी एमडीस्टॅट. इतक्या रीतसर दुःखद वार्ता कळवणारं आमच्या नात्यात आता कुणी उरलेलं नाही.

पण पत्र येत नाही, तेव्हा काय समजायचं? एक शांतता सगळं ठीक असल्याची, दुसरी टपालच बंद पडल्याची. बाहेरून दोन्ही सारख्याच. फरक ओळखायचा तर विश्वासूंना मुद्दाम बोलतं करावं लागतं. चाचणीची आज्ञा दिली की ते जोडीगणिक एक पत्र धाडतात, आणि आपणच करवलेली चाचणी त्यांना तितक्याच गंभीरपणे 'आढळते'. मी ही आज्ञा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लावून ठेवली आहे. त्या दिवशी मोबाइल वाजला की बायको विचारते,

"काय झालं?"

"काही नाही."

"मग पत्र कशाला?"

"काही झालंच तर कळवता येईल, असं कळवलंय."

यावर ती क्षणभर विचार करते आणि म्हणते, "हे जरा हॉस्टेलवरच्या आपल्या चिरंजीवांनाही शिकवा."