कळ आणि माळ

मुलगी सातवीत गेली आणि आमच्या घरात वीज शुद्ध मराठीत वाहू लागली. करंटची विद्युतधारा झाली, सेलचा विद्युतघट झाला आणि बटणाची चक्क कळ झाली. "बाबा, कळ दाबली की दिवा लागला पाहिजे," असं ती म्हणाली तेव्हा मी सावध झालो. आमच्याकडे कळ आजवर एक तर सोसतात, नाही तर काढतात. काढली की पेटतंही, पण तो दिवा नसतो.

शाळेचा प्रकल्प होता. दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब, तारा आणि ती कळ. "पाच मिनिटांचं काम," असं जाहीर करून मी सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडाशी एक तार नेली आणि अंतरपाट दूर व्हायची वाट बघावी तसा बघत बसलो. बल्ब ढिम्म. सेल उलटे केले. बल्ब कानाशी हलवून पाहिला. शेवटी फुंकरही मारली.

"बाबा, परत यायचा रस्ता कुठाय?"

"कुणाला यायचंय परत?"

"विद्युतधारेला!"

आता, लाईट येते आणि लाईट जाते, एवढंच मला जन्मापासून ठाऊक. नळाच्या पाण्याला कुणी परतीचं तिकीट काढून देतं का? तिनं दुसरी तार बल्बच्या पितळी आट्यांना टेकवून सेलच्या दुसऱ्या टोकाला जोडली आणि बल्ब लागला. एवढ्याशा बल्बला दोन दारं असतात, एक बुडाशी आणि एक अंगाला, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं.

मग तिनं वहीत धन टोकाकडून ऋण टोकाकडे बाण काढले आणि सहज म्हणाली, "खरं तर तारेत इलेक्ट्रॉन उलटे जातात." धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात ठरवली. इलेक्ट्रॉन सापडला 1897 साली. तोवर जगभरच्या पुस्तकांत बाण काढून झाले होते. मोठ्या माणसानं एकदा ठरवलंय म्हणून बाण तसेच ठेवले. आमच्या घरात आबांच्या बाबतीत हेच धोरण आहे.

विशेषतः आबांच्या दिवाळीच्या माळेच्या बाबतीत. चाळीस रंगीत बल्ब, प्रत्येक सहा व्होल्टचा, सगळे एकामागे एक हात धरून उभे. पुस्तकात याला एकसर जोडणी म्हणतात. भिंतीतले 230 व्होल्ट चाळिसांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा येतात. सुखाचा संसार. पण एकानं मान टाकली की अख्खी माळ अंधारात. (घरातले दिवे समांतर, म्हणून मोरीतला बल्ब गेला तरी टीव्ही चालू राहतो.) मग आबा एक चांगला बल्ब घेऊन पहिल्या होल्डरपासून एकेक बदलत निघत. एकच गेला असेल तर सापडे. दोन गेले असतील तर नरकचतुर्दशी उजाडे.

जवळचे बल्ब संपले की शस्त्रक्रिया. प्लग काढलेला असे, तरी आबा रबरी चपला घालून पाटावर बसत. सोवळं आणि सुरक्षा एकाच बैठकीत. मेलेला बल्ब होल्डरसकट कापायचा, तारा पिळायच्या, वर चिकटपट्टी. माळ दरवर्षी आखूड होई, पण काय झळाळे! अख्खी आळी बघायला येई.

मी हे अभिमानानं सांगत होतो, तर कन्येनं गणित मांडलं. "शेवटी किती उरले होते?"

"बत्तीस."

"म्हणजे सहाच्या बल्बला सव्वासात व्होल्टच्या आसपास! बाबा, म्हणून तर ते भराभर जायचे. एक कापला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या डोक्यावर."

आमच्या ऑफिसात दोघं निवृत्त झाले आणि जागा भरल्या नाहीत, तेव्हा साहेब आम्हा उरलेल्यांना म्हणाले होते, "काय चमकताय तुम्ही सगळे!" त्याचा अर्थ मला आत्ता लागला.

तिनं लगेच गावी फोन लावला. "आबा, तुमच्या दुरुस्तीनंच माळ मेली." बाण, भागाकार, सगळं ऐकवलं. पलीकडे आबा शांत.

"ते असू दे," ते म्हणाले. "उजेड दरवर्षी वाढत होता, हे तुझ्या गणितालाही कबूल आहे ना?"