खाडा

रात्री दहाच्या सुमारास समोरच्या इमारतीकडे पाहावं. एखाद्या उजळ खिडकीत कुणाची तरी सावली दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून परत अशी येरझारा घालत असते, जप पुरा व्हायचा राहिल्यासारखी. घरात कुणी आजारी नसतं. दहा हजार पावलांना तीनशे कमी पडलेली असतात, इतकंच. हा आकडा मुळात कुठल्या वैद्यकीय पुराव्यावर उभा नव्हता. 1965च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तेव्हापासून तो आकडा जगाच्या पायात घोटाळतो आहे. आमच्या आजोबांची शतपावली अंगणातच आटोपायची, तीही सुपारी कातरत. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम उसळत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सुपारीबद्दल आता काय सांगतात तेही त्यांच्या कानावर गेलं नाही, ते एका परीनं बरंच झालं.

साखर कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आजोबांनी घर डोक्यावर घेतलं. आजीनं वाद घातला नाही. उलट डॉक्टरांनाच चार शब्द सुनावले. मग चहाच्या चमच्यावरची शीग हळूहळू उतरू लागली. शिगेचा चमचा सपाट झाला, सपाटाचा पाऊण, पाऊणाचा अर्धा. आजोबा रोज समाधानानं भुरके मारत होते. पुढे दिवाळीत व्याह्यांकडचा चहा पिऊन आले आणि म्हणाले, “चहा होता की बासुंदी?” आजी काही बोलली नाही. संसारात तिनं इतकं निर्मळ कपट दुसरं केलं नसेल.

अशी नवी सवय लागायला किती दिवस लागतात, तेही मोजलं गेलं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी सहकाऱ्यांसह 96 माणसांवर केलेला सवयींचा अभ्यास 2010मध्ये छापून आला. जेवणाबरोबर एक फळ खायचं, असल्या साध्या गोष्टी. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात, पण कुणाला 18, तर कुणाला 254, असा त्यांचा अंदाज. मला त्यातली सर्वांत लोभस गोष्ट वेगळीच वाटते: मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही. हे आपल्या घरोघरच्या भिंतींना ठाऊक होतं. दूधवाला आला नाही की कॅलेंडरवर खाडा मांडतात. महिनाअखेरीला तेवढे पैसे वजा होतात, पण त्यापायी रतीब कुणी बंद करत नाही. पाडव्याला नवे बूट घेऊन टेकडी चढणारा मात्र पहिला खाडा पडला की बूट कपाटावर ठेवतो, आणि पुढच्या पाडव्याची वाट पाहतो.

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथवर थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू जा, काहीच न करण्यापेक्षा थोडं बरं, हेही तीच म्हणते. तेव्हा आज कंटाळा आला असेल, तर खुशाल खाडा मांडा. उद्या जेवण झालं की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या.