पहिली उचल

पहिली उचल म्हणजे साखर कारखान्याने उसाला टनामागे दिलेला पहिला हप्ता, हे आंबेगाव तालुक्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पारगावच्या भीमाशंकर कारखान्याची उचल यंदा किती निघणार, याचे आकडे ज्यांच्या रानात उसाचे टिपरूही नाही ती माणसेसुद्धा छातीठोकपणे सांगतात. येथे विषय आहे तो दुसऱ्या उचलीचा. चार मित्र काल्पनिक सामन्यांची मालिका भरवतात आणि आपापला संघ बांधण्यासाठी आळीपाळीने खेळाडू उचलतात. त्यात सर्वांत आधी कोणाचे नाव निघेल, याचे भाकीत करणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. दोन्ही उचलींची भाकिते सारख्याच आत्मविश्वासाने होतात आणि साधारण सारख्याच प्रमाणात चुकतात.

या विद्येचे मोठे पीठ अमेरिकेत आहे. हाल रिचमन यांनी 1961 च्या सुमारास ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ नावाचा बेसबॉलचा खेळ विकायला काढला. त्यात खऱ्या खेळाडूच्या खऱ्या आकड्यांवरून त्याचे पत्ते बनवलेले असतात, फासे टाकायचे आणि पत्त्यावर काय लिहिले आहे ते पाहायचे. पुढे 1980 मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि मित्रांनी न्यूयॉर्कमधल्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेझ’ या खाणावळीत बसून असाच कागदी संघांचा उद्योग मांडला आणि त्या खेळाला खाणावळीचेच नाव चिकटले. उचलण्याच्या क्रमाला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. हा क्रम बहुधा नागमोडी असतो: पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत पहिला. न्याय व्हावा म्हणून ही सोय केलेली आहे, पण भांडणे तिने कमी होत नाहीत, फक्त त्यांची दिशा उलटते.

मराठी मुलखात हेच काम फार पूर्वीपासून ‘गडी फोडणे’ या नावाने चालते. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात. पहिला मान कोणाचा, हे ठरवायला चपटा दगड एका बाजूने थुंकी लावून उडवतात आणि ‘ओली की सुकी’ विचारतात. या दगडाच्या निष्पक्षपणाबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही, थुंकणाऱ्याबद्दल मात्र घेतलेली आहे. दुसरी पद्धत अधिक सूक्ष्म. साधारण एकाच ताकदीचे दोन गडी गळ्यात गळा घालून बाजूला जातात, गुपचूप एकाने ‘आंबा’ आणि दुसऱ्याने ‘फणस’ व्हायचे ठरवतात आणि कप्तानापुढे येऊन काय हवे ते विचारतात. कप्तानाने आंबा मागावा आणि नेमका हवा तोच भिडू आपल्याकडे यावा, असे वारंवार घडू लागले, की डोळ्यांच्या खुणांचा अभ्यास सुरू झाला असे समजावे.

काल्पनिक सामन्यांचा देशी अवतार म्हणजे बुक क्रिकेट. घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालेल्या रस्त्यावर शिनोली लागते. तिथून जसजसे पश्चिमेला जावे तसतसा पाऊस वाढतो आणि आषाढात मैदान नावाची वस्तू भाताच्या खाचरासारखी दिसू लागते. अशा दिवसांत खेळ वर्गाच्या शेवटच्या बाकावर सरकतो. बरे, कागदावर नांदणाऱ्या गोष्टींची या भागाला सवयही आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून बिनबोभाट चालतो.

साहित्य एकच: पाठ्यपुस्तक. ते डोळे मिटून उघडायचे आणि डावीकडच्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक पाहायचा. दोन, चार, सहा या धावा. शून्य म्हणजे दांडी गुल. आठाबद्दल शाखाभेद आहेत: काही वर्गांत आठ धावा, काहींत एक, काहींत नो-बॉल. नव्या शाळेत बदली होऊन आलेल्या मुलाची पहिली मारामारी बहुतेक वेळा या आठावरून होते. डावीकडचे पान नेहमी सम असल्यामुळे, आठाला एक किंवा नो-बॉल न मानणाऱ्या पंथात, धावफलकावर विषम धावसंख्या कधीच दिसत नाही.

आता गणित. अंक पाच आहेत आणि त्यांपैकी एक घातकी. म्हणजे बाद होण्याआधी फलंदाज सरासरी चार वेळा वाचतो. आठाला आठ धावा धरल्या तर प्रत्येक वाचलेल्या पानामागे सरासरी पाच धावा, म्हणून दर विकेटला वीस. आठ म्हणजे एक धरले तर तेरा. हा हिशेब ज्याचे नाव कागदावर असेल त्या प्रत्येकाला सारखाच लागू पडतो. डॉन ब्रॅडमन यांची कसोटीतली सरासरी 99.94, पण पाठ्यपुस्तकात वीस. भागवत चंद्रशेखर यांनी 58 कसोट्यांत 242 बळी घेतले आणि धावा काढल्या 167. पाठ्यपुस्तकात त्यांचीही सरासरी वीस. शंभर आंतरराष्ट्रीय शतके करणारा सचिन तेंडुलकर आणि अकराव्या क्रमांकावर पॅड बांधून नाइलाजाने उतरणारा कोणीही गोलंदाज, बालभारतीच्या पुस्तकात एका पंगतीला बसतात. ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’मध्ये निदान पत्ते वेगळे असतात. इथे खेळाडू उचलणे म्हणजे केवळ नाव उचलणे.

तरीही शेवटच्या बाकावर सचिनसाठी दप्तरे फेकली गेली आहेत. भाकीत करणाऱ्याने नेमके हेच ध्यानात ठेवावे. पहिली उचल कोणाची होईल हे शोधायला खेळाडूंचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नये, उचलणाऱ्याकडे पाहावे. पुस्तक ज्याचे, त्याला पहिला मान, हा निसर्गनियम आहे. मैदानात तोच नियम बॅटच्या मालकाला लागू होतो. पुस्तकवाला सचिन घेतो. दुसरा, आपण वेगळे आहोत हे दाखवण्यासाठी, द्रविड घेतो आणि नंतर आठवडाभर त्याचे समर्थन करतो. तिसरा काल रात्री सामन्यात चमकलेल्याला उचलतो. हे सर्वांत सोपे गिऱ्हाईक: आदल्या दिवसाचा धावफलक पाहिला की त्याची उचल कळते. चौथा स्वतःचेच नाव घालतो. त्याला आक्षेप घेता येत नाही, कारण नियमात तसे कुठे लिहिलेले नाही, आणि वीसच्या सरासरीने तोही ब्रॅडमनच्या बरोबरीचा निघतो.

पुस्तकाचा स्वभाव हा एक उपघटक आहे. बांधणी ढिली झाली की पुस्तक ठरावीक ठिकाणी आपोआप उघडते. ज्या पानात पिंपळाचे पान किंवा मोरपीस ठेवले असेल तिथे तर हमखास. अशा पुस्तकाचा मालक चाळीसाव्या पानापासून अंगठा शिताफीने दूर ठेवायला शिकतो. वरचे सगळे गणित या अंगठ्यापुढे कोसळते.

मोठेपणी हाच खेळ गावच्या टेनिस बॉल स्पर्धेच्या खेळाडू लिलावात अवतरतो. 20 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला, महेंद्रसिंग धोनीला चेन्नईने पंधरा लाख डॉलरला घेतले, आणि त्यानंतर काही वर्षांत गावोगावी ‘प्रीमियर लीग’ उगवल्या. लिलाव ही गोष्ट या भागात शिकवावी लागली नाही. मंचरला कांदा आणि नारायणगावला टोमॅटो लिलावातच जातो, आणि गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवलेली पिढी अजून पारावर बसलेली आहे. बोलीसाठी प्रत्येक संघमालकाला ठरावीक गुण मिळतात, आणि खोट्या पैशाने माणूस खऱ्यापेक्षा जास्त उदार होतो.

येथे भाकिताचे नियम थोडे बदलतात. षटकार मारणारा महाग जातो हे खरे, पण पहिल्या बोल्यांमध्ये चुलतभाऊ नेहमी वरचढ ठरतो. मालकाने भाऊबंदाला सोडले तर यात्रेच्या जेवणात वाढप्याचा हात आखडतो. त्याखालोखाल मागणी असते ती मोटार असलेल्या यष्टिरक्षकाला, कारण सामना लांबच्या गावी असला की अकरापैकी सहा जणांना तोच नेतो. मुंबईला नोकरी करणारा आणि फक्त यात्रेला येणारा वेगवान गोलंदाज हा सर्वांत फसवा माल. त्याची बोली मागच्या वर्षीच्या तब्येतीवर लागते.

चुकलेल्या उचलींचे दाखले थोरांच्या घरीही आहेत. 2008 मध्येच आयपीएलने एकोणीस वर्षांखालील मुलांसाठी लिलावाऐवजी ड्राफ्ट ठेवला होता. विश्वविजेत्या संघाचा कप्तान विराट कोहली समोर असताना दिल्लीने डावखुरा गोलंदाज प्रदीप सांगवानला उचलले, आणि दिल्लीचा पोरगा बंगळूरला गेला. दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, हे कारण त्या वेळी पटण्यासारखेच होते. अमेरिकेत 1936 साली व्यावसायिक फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट झाला. त्यात सर्वांत आधी ज्याचे नाव पुकारले गेले तो जे बर्वांगर त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

शेवटच्या उचलीबद्दल भाकीत करायची गरज पडत नाही. जो उरतो तो उरतो. मुलांच्या खेळात त्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणतात. तो बाद झाला तरी बाद नसतो, ही सवलत ब्रॅडमनलाही मिळाली नव्हती. बेसबॉलमध्ये माइक पियाझा नावाचा खेळाडू 1988 साली बासष्टाव्या फेरीत, 1390 व्या क्रमांकावर, उचलला गेला आणि पुढे थेट हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. कच्च्या लिंबांना ही गोष्ट सांगण्याची पद्धत मात्र नाही, कारण मग ते चिंचेच्या झाडामागे पडलेला चेंडू आणायला जाणार नाहीत.

बुक क्रिकेटचा हंगाम वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, पुस्तकवाल्याने पुस्तक घरी नेल्यावर संपतो. तोवर सगळ्या खेळाडूंना डावीकडच्या पानांचे आकडे तोंडपाठ झालेले असतात. त्या आकड्यांच्या वर काय छापले आहे, ते प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर समजते.